मावशीच्या दारूवरचा आळ

आधी लाल रंग गेला. तोही एकाच डोळ्यातला, डाव्या.

मी तेव्हा अंधेरीच्या एका फिल्म स्टुडिओत पडदे रंगवायचो. राजवाडे, बागा, समुद्रावर उगवलेला चंद्र, मालक सांगेल ते. रेघ सरळ आली की नाही हे बघायला रंगारी एक डोळा मिटतो. मी कायम डावा मिटायचो. एका दुपारी उजव्या डोळ्यात चुन्याची कणी गेली, म्हणून तो चोळत डाव्याने समोर पाहिलं, तर महाराजांचा लाल गालिचा गटारातल्या चिखलासारखा. मी शेजारी काम करणाऱ्या गोन्साल्विसला झाडलं, "कुणी रे हा हिरवा मिसळला?"

"पास्कू, डोकं जाग्यावर हाय ना? लाल लालच हाय."

उजवा उघडला. लाल. उजवा मिटला. चिखल. मी उघडझाप करत राहिलो आणि गोन्साल्विसला वाटलं, मी पलीकडे बसलेल्या नाचणाऱ्या पोरींना डोळे मारतोय.

दुसऱ्या कुठल्या धंद्यात असतो तर लगेच पकडलो गेलो असतो. पण आमची चित्रं काळीपांढरी. गालिचा लाल रंगवा नाहीतर शेणाचा, पडद्यावर करडाच उतरणार. उलट कॅमेरामन एकदा खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "पास्कल, हल्ली तुझे करडे झकास येतात हां." मी वाकून सलाम केला. डोळा जात होता आणि धंद्यात बढती मिळत होती.

गावाचा अर्धा राग

मग डावीकडचा काठ झिजायला लागला. अंधार नव्हे. अंधार असता तर घाबरलो असतो. तिथे नुसतं काहीच नसायचं.

आमचं गाव कुर्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून, क्रिस्तांवांची, म्हणजे आम्हा ख्रिस्ती लोकांची कौलारू घरं, मधून एकच गल्ली. सकाळी कामाला निघालं की ओट्यावर बसलेल्या प्रत्येकाला ओळख द्यायची, म्हाताऱ्यांकडे 'बेसांव' मागायचा, म्हणजे आशीर्वाद. मी उजवीकडच्या ओट्यांना बेसांव मागत जायचो आणि डावीकडचे मला दिसायचेच नाहीत. संध्याकाळी परत येताना डावीकडचे उजवीकडे यायचे. तेव्हा मी त्यांच्याशी अगदी तोंड भरून बोलायचो. गावाने याचा अर्थ लावला: पास्कू सकाळी माजलेला असतो आणि संध्याकाळी प्यालेला.

त्यातल्या दुसऱ्या आरोपानेच माझी वाट लागली.

मी लावलेलं निदान

दारूबंदी नुकतीच आली होती. कुठे कुठे माणसं काहीबाही पिऊन आंधळी झाल्याचं कानावर यायचं. कुणी स्पिरिट प्यायचं, कुणी फर्निचरचं पॉलिश. आमच्या स्टुडिओत तर पॉलिशचं पिंपच होतं. मी त्याला कधी तोंड लावलं नाही, पण आंजेल मावशीची मात्र प्यायचो. माझी आई लवकर गेली, तिच्या या बहिणीने मला वाढवलं. ती विधवा. गूळ आणि जांभळं आंबवून घरची दारू काढायची आणि चार घरी द्यायची, त्यावर तिची चूल. भट्टी डुकरांच्या खुराड्यामागे. हवालदार यायचा, नाकाला रुमाल लावायचा, लांबूनच "काय नाय ना?" विचारायचा आणि जायचा.

मी हिशेब मांडला. दारू पितो, डोळा चाललाय, म्हणजे दारूनेच. डॉक्टरकडे गेलो तर तो विचारणार, कुठे प्यायलास? मी खोटं बोलू शकतो, पण खोटं पचवू शकत नाही, हे सगळ्या गावाला माहीत. मग पोलीस, मग मावशीची मडकी फुटणार, मग मावशी कोठडीत. तेव्हा गप्प बसायचं ठरवलं.

आता शहाण्या माणसाने निदान पिणं तरी बंद केलं असतं. मी तेही केलं नाही. एकदम बंद केलं तर मावशीला संशय येईल ना! म्हणून दर रविवारी चर्चमधला मिस्सा आटोपून तिच्याकडे जायचो, हे विष आहे असं मनात म्हणून पेला रिकामा करायचो आणि म्हणायचो, "मावशी, या खेपेची बेस झाली."

तिला आनंद व्हायचा. मला काही व्हायचं नाही. भीतीसुद्धा नाही. कुणीतरी माझ्या आत बसून दिवे एकेक करून मालवत होतं आणि मी बाहेर उभा राहून बघत होतो, असे ते महिने गेले.

मेणाचा डोळा

उपाय मात्र केला. वांद्र्याच्या डोंगरावर मोत मावलीच्या चर्चला गेलो. तिथे मेणाचे हात, पाय, डोळे मिळतात. ज्याचं जे दुखेल ते मावलीच्या पायाशी ठेवायचं. विकणारी बाई म्हणाली, "डोले जोडीनंच मिळतात."

"माझा एकच बिघडलाय."

"मग काय झालं? दोन वाहा."

"चांगल्याची तक्रार कशाला करू? मावली म्हणेल, हा लबाड आहे."

"अरे, मग एक वाह आणि दुसरा घरी ने. पुढं लागंल."

आता त्या जोडीतला डावा कोणता, हा प्रश्न आला. माझ्याकडे तोंड करून बघत होता तो, की मी मागून बघितल्यावर येतो तो? मी ते जोडलेले डोळे फिरवून फिरवून बघितले, मागे रांग खोळंबली. शेवटी एक कापून वाहिला आणि दुसरा रुमालात गुंडाळून पँटच्या खिशात ठेवला. आजही खात्री नाही की मी मावलीला कुठला दिला.

तो खिशातला विसरलो. सोमवारी माझी बायको मार्था कपडे धुवायला बसली. मेण वितळून पँटला चिकटलेलं, पण बुबुळ शाबूत. ती हातात पँट घेऊन आत आली.

"पास्कू, हा कुणाचा डोला?"

"कुठला?"

"हा. माझ्याकडं बघतोय तो."

मी म्हणालो, स्टुडिओतला आहे, राक्षसाचा. तिने पँट खांद्यावर टाकली, माझा उजवा डोळा तळहाताने दाबून धरला आणि चुलीवरची तपेली दुसऱ्या हाताने उचलून विचारलं, "हातात काय हाय?"

"तुझा हात."

"हातात काय हाय, सांग."

मला हातही दिसत नव्हता. तिने तपेली खाली ठेवली. रडेल असं वाटलं, पण ती पँट घासायला परत गेली. बराच वेळ नुसता ब्रशचा आवाज येत होता.

वास घेणारा डॉक्टर आणि मावशी

स्टेशनजवळच्या डॉक्टरने डोळा बघायच्या आधी माझ्या तोंडाचा वास घेतला. "पॉलिश की देशी?"

"मी पीतच नाही."

डॉक्टर हसला. मार्थाही हसली, पण तिचं हसू निराळं होतं. त्याने पिवळ्या पाण्याची इंजेक्शनं सुरू केली. मला दंडाला टोचलेलं कळायचं, बाकी फरक शून्य. या इंजेक्शनांत आणखी दिवस गेले, आणि डाव्या डोळ्यात उरलेली फट आणखी बारीक झाली.

शेवटी मार्थाने जाऊन मावशीला सगळं सांगितलं. मावशी आली ती लुगड्याचा काष्टा घट्ट करत, गल्लीच्या दोन्ही बाजू ऐकतील अशी ओरडत. "माझ्या दारूनं? माझ्या? तुझ्या बापतिस्म्याला प्यालेली माणसं अजून सुईत दोरा ओवतात! हर मडक्यातला पयला घोट मी पिते, मेल्या! बघ माझे डोले!"

मी म्हणालो, "मावशी, हळू. पोलीस ऐकतील."

"ऐकू दे! फोडू दे मडकी! मडकी कुंभाराकडं मिळतात रे, डोला मिळतो का?"

मग ती ओट्यावर बसली. तिचा आवाज एकदम खाली आला. "तुला असं वाटत होतं, तर रविवारी पीत का होतास?"

तिने पदराने नाक पुसलं आणि म्हणाली, "चल, ऊठ. मोठ्या दवाखान्यात चल. मी येते सांगायला."

निदानाचा दिवस

शहरातल्या मोठ्या इस्पितळात मावशीने डॉक्टरला तोंड उघडू दिलं नाही. आपण काय काढतो, कशी काढतो, आणि तिच्याने आजवर कुणाचं काहीही बिघडलेलं नाही, हे तिने बाहेर बसलेल्या सगळ्या रोग्यांसमोर ठणकावून सांगितलं. डॉक्टर शांतपणे माझ्या डोळ्यात बॅटरी मारत होते. मग म्हणाले, "मावशी, तुम्ही बसा. दारूने जातात ते दोन्ही डोळे जातात. याचा एकच गेलाय, तोही हळूहळू. हे तुमचं काम नव्हे. आत काहीतरी दाबतंय."

एवढंच. एवढी साधी गोष्ट. एक डोळा आणि दोन डोळे. मेणाचे डोळे मोजताना मला हे सुचलं नव्हतं.

मावशी माझ्याकडे वळून म्हणाली, "ऐकलंस?" तिला खटला जिंकल्यासारखं झालं होतं. डॉक्टरच्या तोंडावर मात्र जिंकल्यासारखं काही नव्हतं.

मानेत सुई खुपसून औषध सोडलं आणि डोक्याचे फोटो काढले. अर्ध्या चेहऱ्यावरून कुणी तापलेली इस्त्री फिरवावी तसं झालं. फोटो उजेडावर धरून मेंदूच्या डॉक्टरांनी दाखवलं: मानेतून वर जाणारी रक्ताची मोठी नळी डोक्यात शिरल्यावर डाव्या डोळ्यामागे फुगली होती, जुन्या सायकलच्या ट्यूबला फुगा येतो तशी. आणि तो फुगा डोळ्याच्या मज्जातंतूवर बसला होता. नाडीचा प्रत्येक ठोका त्या तंतूला रेटत होता.

मी विचारलं, "म्हणजे माझंच रक्त?"

"तुमचंच."

"डोळा परत येईल?"

"गेला तो गेला. थोडी फट उरलीय, ती राहील कदाचित. पण प्रश्न डोळ्याचा राहिलेला नाही. हा फुगा फुटू शकतो."

मग त्यांनी उपाय सांगितला. ती नळी मानेतच बांधून टाकायची, की फुग्याचा जोर कमी होतो. पण माझा उजवा हात आणि माझी वाचा, दोन्ही त्याच नळीच्या रक्तावर चालतात. दुसऱ्या बाजूचं रक्त पुरलं तर ठीक. नाही पुरलं तर हात लुळा, तोंड मुकं.

मार्था माझ्याकडे बघत होती. मी त्या फोटोकडे बघत होतो. चांगला होता. करड्याच्या कितीतरी छटा होत्या त्यात.

वॉर्ड

इस्पितळात सगळं ठरलेलं. पहाटे थर्मामीटर, मग इनॅमलच्या मगात चहा म्हणून जे मिळतं ते, मग डॉक्टरांची फेरी. फेरीत सगळे माझ्याबद्दल बोलायचे, माझ्याशी कुणी नाही. मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. मलाही माझ्याशी बोलावंसं वाटत नव्हतं.

शेजारच्या खाटेवर राऊळ नावाचा मालवणी, गिरणीत पाय गमावलेला. तो म्हणायचा, "तुजो डोळो गेलो, माजो पाय गेलो. दोगांचो मिळान एक बरो माणूस होतलो."

"आणि डोकं कुणाचं घ्यायचं?"

"ता बाहेरसून आणूक व्हया."

मी हसायचो. हसणं तोंडाचं होतं, सवयीने आलेलं. लोक म्हणायचे, पास्कू किती धीराचा! धीर कसला? दात काढण्याआधी इंजेक्शन देतात ना, तसं मला आधीच कुणी सगळीकडे देऊन ठेवलं होतं. हे मुद्दाम लिहितो, कारण अशा दुखण्यात सापडलेल्या माणसाला वाटतं, आपल्याला भीतीही वाटत नाही, रडूही येत नाही, म्हणजे आपण दगड आहोत. दगड नसतो आपण. ते नंतर येतं, आणि नको तिथे येतं.

भेटीच्या वेळी मार्था डब्यात सुक्या बोंबलाचं कालवण आणायची. वॉर्डात मासे आणायला बंदी. पण मंगळूरकडच्या सिस्टरला नेमकी त्याच वेळी सर्दी व्हायची.

ऑपरेशनला सही करायची त्या दिवशी मी मार्थाला म्हणालो, "राहू दे. फुटेल तेव्हा फुटेल. मुका, लुळा रंगारी घेऊन काय करशील तू?"

"घरात शांतता होईल."

"मस्करी नाही, मार्था."

"मग मी काय करते? मस्करी?" ती खिडकीकडे बघून म्हणाली. "तू कदी फुटशील ते बघत मी तुझ्या बाजूला झोपू? रोज?"

मी सही केली. उजव्या हाताने, नीट, नेहमीपेक्षा मोठी.

बोलत राहा

भूल दिली नाही. नुसती मान बधिर केली, कारण मी जागा असणं गरजेचं होतं. तोंडावर हिरवं फडकं. हिरवं उजव्या डोळ्याला, डाव्याला काहीच नाही. माझा उजवा हात सिस्टरच्या हातात. नळी हळूहळू आवळायची, आणि मी सारखं बोलत राहायचं, सिस्टरचा हात दाबत राहायचं. बोलणं अडखळलं किंवा पकड सुटली की डॉक्टर नळी सैल करणार.

"बोलत राहायचं, एवढंच," डॉक्टर म्हणाले. "तुमच्या बायकोने सांगितलंय की त्याची काळजी नको."

सगळे हसले. आणि माझ्या तोंडातून शब्द फुटेना.

जन्मभर बडबड केलेला माणूस मी. लग्नात, मयतात, कन्फेशनला गेलो तर पाद्री म्हणायचे, पुरे. आणि त्या टेबलावर सांगण्यासारखं एक वाक्य सापडेना. मी प्रार्थना सुरू केली. 'नमो मारिये' घडाघडा म्हणायला लागलो.

"पाठ केलेलं नको," फडक्यापलीकडून आवाज आला. "डोकं झोपलं तरी तोंड पाठ केलेलं म्हणत राहतं. तुमचं स्वतःचं काहीतरी बोला."

मी थांबलो. काही नाही. आत सगळीकडे ती डाव्या काठासारखी जागा, अंधारसुद्धा नसलेली.

"बोला, पास्कल."

सिस्टर म्हणाली, "हात दाबा. दाबा!"

मला वाटत होतं मी दाबतोय.

"सैल करा," डॉक्टर कुणाला तरी म्हणाले, आणि त्यांचा आवाज बदलला होता. "वाचा जातेय."

तेव्हा कुठे भीती वाटली. महिने उशिरा, पण आली. मी ओरडलो, "नाही, नाही! मी आहे! वाचा आहे, मला सुचत नाही!"

फडक्यापलीकडे सैल करणारा हात थांबला असावा. मग डॉक्टर हळूच म्हणाले, "बरं. तुमची मावशी कशी काढते, ते सांगा."

आणि मी सांगितलं. गूळ कुठल्या वाण्याचा, जांभळं अर्धी पिकलेली का घ्यायची, मडक्याचं तोंड कणकेने कसं लिंपायचं, खाली जाळ किती ठेवायचा. डॉक्टरांनी विचारलं, बडीशेप कधी? मी म्हणालो, बडीशेप नाही, मोसंब्याची साल, आणि तीही शेवटी. दुसऱ्या कुणीतरी विचारलं, चांगली झाली हे ओळखायचं कसं? मी म्हणालो, चमच्यात घेऊन काडी लावायची, जाळ निळा यायला हवा. कुठला निळा? तिन्हीसांजेला जुहूच्या पाण्यावर असतो तो. भट्टी कुठे आहे तेही सांगितलं, डुकरं किती पाळलीत तेही, हवालदार कोणत्या रुमालाने नाक धरतो तेही. सरकारी पगाराच्या त्या सगळ्या माणसांसमोर मी मावशीचं घर उघडं केलं, जे झाकायला डोळा घालवला होता.

"थांबू नका," डॉक्टर म्हणाले. "बांधून झालीय केव्हाच. थांबू नका."

मी हात दाबत होतो. सिस्टर म्हणाली, "आता हळू. माझी बोटं मोडाल."

नंतर

मावशीकडे पोलीस आले नाहीत. त्या टेबलाभोवतीच्या कुणीतरी निरोप पाठवून एक बाटली मात्र मागितली. कुणी, ते सांगत नाही. झालं तेवढं सांगणं पुरे.

कान आणि त्याखालची कातडी बधिर राहिली ती अजून तशीच. दाढी करताना तिथे कापलं तर शर्टाला रक्त लागल्यावर कळतं. हात चालतो. तोंडाबद्दल तुम्ही बघताच आहात.

तुमच्यापैकी कुणाला असं काही वाटत असेल तर एवढं करा: एक डोळा मिटून दुसऱ्याने बघा, मग दुसरा मिटून पहिल्याने. आणि जे दिसेल ते कुणाला तरी सांगा. कुणाला वाचवायचं असेल तर आधी त्यालाच विचारा, बाबा, तुला वाचायचंय का? फार सोपं आहे. मला जमलं नाही, म्हणून सांगतो.

घरी सोडायच्या दिवशी डॉक्टरांनी उजवा डोळा झाकला आणि विचारलं, "किती बोटं?"

मार्था शेजारी उभी होती. तिच्या श्वासावरून कळत होतं की ती उत्तराची वाट बघतेय. माझ्या जिभेवर आलं होतं, 'तीन, आणि अंगठी सोन्याची.' डॉक्टर हसले असते, तीही हसली असती, आणि खरं काय ते आम्ही घरी नेलं असतं.

"दिसत नाही," मी म्हणालो. "काहीच नाही. फटसुद्धा गेली."

"फुग्याचा जोर गेलाय," डॉक्टर म्हणाले. "उजव्याला धोका नाही."

आम्ही बाहेर आलो. फाटकापाशी मार्थाने पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि माझ्या मागून फिरून डाव्या बाजूला आली. आता ती मला दिसेना. चप्पल वाजत होती, कोपराला कोपर लागत होतं. रस्ता ओलांडताना मी बरंच काही बोललो, गोन्साल्विसचं, राऊळच्या पायाचं. ती एकाचंही उत्तर देईना. तेव्हा मी पट्टी बांधलेली मान दुखवत सगळाच्या सगळा तिच्याकडे वळलो. तिचे डोळे पुसून झाले नव्हते.

"माझ्याकडं काय बघतोस?" ती म्हणाली. "पुढं बघ. गाडी येतेय."